शाई आणि विरळलेप : धार-देवासच्या निमित्ताने लघुआकृतींच्या रंगकामाचा परिचय

दोन ते पाच सेंटिमीटर उंचीची मानवी आकृती रंगवणे ही चित्रकलेची एक स्वतंत्र शाखा मानावी लागेल. आकृती कागदावर काढलेली असो, की माती, लाकूड, शिसे वा प्लास्टिक यांत घडवलेली असो, रंगवणाऱ्यापुढचा प्रश्न एकच असतो. एवढ्याशा जागेत चेहऱ्याचा उंचसखलपणा, वस्त्राच्या घड्या आणि बोटांमधल्या फटी दाखवायच्या कशा? मुख्य रंग आकृती झाकतो, तिला उठाव देत नाही. उठाव देणारी द्रव्ये दोन : एक शाई आणि दुसरा पाण्याने किंवा अन्य द्रवाने पातळ केलेला रंगाचा थर. या थरास प्रस्तुत लेखात विरळलेप म्हटले आहे. चित्रशाळांत तो वॉश या नावाने चालतो. शाई सीमा सांगते, विरळलेप खोली सांगतो, आणि या दोन कामांची वाटणी आधाराच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, हे पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

या विषयाच्या अभ्यासास माळव्यातील धार आणि देवास हे प्रदेश विशेष सोयीचे आहेत. दोन्ही ठिकाणी पवारांची मराठी संस्थाने होती. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या आणि १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन झाल्या. धार जिल्ह्यातच मांडवगड आहे. माळव्याच्या सुलतानांच्या काळात तेथे सचित्र ग्रंथ तयार झाले. त्याच जिल्ह्यात बाघ आहे. तेथील छपाईकामाचा काळा रंग शाईच्या एका जुन्या प्रकाराशी रसायनदृष्ट्या सख्खे नाते सांगतो. आणि देवासला चलनी नोटांचे मुद्रणालय आहे, त्याच्या आवारात छपाईच्या शाईचा कारखानाही आहे. एकाच मुलखात शाईची इतकी निरनिराळी रूपे सहसा आढळत नाहीत.

घटकद्रव्यांवरून शाईचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग काजळी शाईचा. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलले की ही शाई सिद्ध होते. काजळ म्हणजे बहुतांशी कार्बन. त्याचे कण अतिसूक्ष्म असतात, पाण्यात विरघळत नाहीत आणि मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून गोळा होतात. डिंक प्रत्येक कणाभोवती कवच धरून त्यांना अलग ठेवतो आणि पाणी उडून गेल्यावर त्यांना कागदाशी बांधून टाकतो. खलण्याला जुन्या कृतींत एवढे महत्त्व आहे ते यामुळेच. कमी खललेली शाई पोथीच्या ठळक अक्षराला चालून जाते, परंतु भुवईची रेघ ओढताना कुंचल्याच्या टोकाशी गुठळी येते आणि रेघ तुटते. कार्बन प्रकाशाने विटत नाही. पाचशे वर्षांपूर्वीची काजळी रेषा आजही काळीच दिसते. तिचा मोठा दोष असा की ओल लागताच डिंक सैल होतो आणि रेघ पसरते. विरळलेपाच्या दृष्टीने हा दोष फार महत्त्वाचा आहे : काजळी रेषेवरून ओला कुंचला फिरवला की रेषा आणि लेप दोन्ही बिघडतात. म्हणून जुन्या पद्धतीत ठळक रेषा शेवटी येते.

दुसरा वर्ग लोह-कषाय शाईचा. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. मायफळात आणि हिरड्यात टॅनिन नावाचे कषायद्रव्य असते. दोहोंचे पाणी एकत्र केले की प्रथम फिकट करडा द्रव मिळतो. कागदावर उतरल्यानंतर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तो गडद होत जातो. येथे रंगाचे कण पृष्ठभागावर बसत नाहीत. रंग कागदाच्या तंतूंत तयार होतो, त्यामुळे तो पाण्याने सुटत नाही. मात्र या शाईची आम्लता कालांतराने कागदच खाते, आणि जुनी रेषा तपकिरी पडते. बाघच्या छपाईत हीच क्रिया कापडावर घडते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवतात, आणि मग त्यावर लोहक्षार असलेल्या खळीचा ठप्पा मारतात. ठप्पा जेथे टेकतो तेथेच काळा उमटतो. लाल नक्षीसाठी तुरटीचा ठप्पा मारून कापड अलिझरिनमध्ये उकळतात. लेखनाची शाई आणि वस्त्राचा रंग यांचे मूळ एकच असल्याचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक क्वचितच पाहावयास मिळते.

तिसरा वर्ग रंजकशाईचा. तिच्यात रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेले असते. लाखेपासून काढलेला अळता हे तिचे जुने उदाहरण. १८५६ मध्ये पर्किन यांनी डांबरापासून जांभळा रंग तयार केल्यानंतर असे कृत्रिम रंग विपुल झाले. रंजकशाई अत्यंत पारदर्शक आणि चमकदार असते, आणि म्हणूनच नवख्याला मोहात पाडते. ती उन्हात विटते. अलीकडच्या ॲक्रिलिक शाया वेगळ्या आहेत : त्यांतील चांगल्या शायांत न विरघळणारे, पण फार बारीक दळलेले रंगद्रव्य असते आणि बंधक म्हणून ॲक्रिलिक राळ. वाळल्यावर त्या पाण्याने सुटत नाहीत. लाख आणि टाकणखार यांच्या द्रावणात काजळ मिसळून केलेली रेखाटनाची काळी शाईदेखील वाळल्यावर जलरोधक होते.

शाई कशाने लावली जाते यावरही बरेच अवलंबून आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेला स्वतंत्र समास दिला आणि बोरूपासून शाईपर्यंतच्या साधनांची काळजी घेण्यास सांगितले. मराठी दप्तरांतील मोडी मजकूर बोरूनेच लिहिला गेला. बोरूची रेघ त्याच्या कापलेल्या टोकाच्या रुंदीने बांधलेली असते. दाबाने ती फार बदलत नाही. मानवी आकृतीला असे चालत नाही. खांद्यापासून कोपरापर्यंत जाणारी रेषा मध्ये भरते आणि सांध्याशी निमुळती होते. हे केवळ केसांच्या कुंचल्याने साधते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या मानसोल्लासात वासराच्या कानाच्या केसांचा कुंचला लाखेने बसवण्याची कृती आहे. उत्तरेकडील लघुचित्रकारांनी खारीच्या शेपटीचे केस पसंत केले. आजचे आकृतिकार कोलिन्स्की नावाच्या सायबेरियन विझलाच्या केसांचा किंवा कृत्रिम तंतूंचा कुंचला वापरतात. कुंचला फार बारीक असावा हा समज मात्र चुकीचा आहे. टोक अणकुचीदार हवे आणि पोट भरदार हवे, नाहीतर अर्धी रेघ ओढून होण्याआधीच शाई वाळते. माळव्याच्या उन्हाळ्यात तर हे पदोपदी जाणवते.

शास्त्रग्रंथांकडे वळता धारचे नाव पुन्हा पुढे येते. परमार राजा भोज याची राजधानी धारा नगरी. त्याच्या नावावर असलेला समरांगणसूत्रधार हा अकराव्या शतकातील वास्तुशास्त्रविषयक ग्रंथ महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिला आणि १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेत प्रसिद्ध झाला. या ग्रंथात चित्रकर्माची आठ अंगे सांगितली आहेत. वर्तिका, भूमिबंधन, रेखाकर्म, वर्णकर्म, वर्तनाक्रम ही त्यांपैकी प्रमुख. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. रेषा आणि रंग ही एक गोष्ट, आणि वर्तना म्हणजे छटा देण्याचे कर्म ही निराळी गोष्ट, असे येथे स्वच्छ मांडले आहे. त्याच ग्रंथात लेप्यकर्म, म्हणजे मातीच्या लेपातून आकृती घडवण्याचे कर्म, यावरही प्रकरण आहे. सपाट आणि घडीव अशा दोन्ही आकृतींचा विचार एकाच ग्रंथात झाला, ही बाब पुढील भागासाठी ध्यानात ठेवावी.

छटा देण्याचे प्रकार विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने सांगितले आहेत. पत्रज, आहैरिक आणि बिन्दुज अशा तीन वर्तना त्यात आहेत. पत्रज म्हणजे पानाच्या शिरांप्रमाणे तिरप्या रेघांनी दिलेली छटा, आहैरिक अतिसूक्ष्म रेघांची, बिन्दुज ठिपक्यांची. येथे ओघळणाऱ्या पातळ रंगाचा उल्लेख नाही. आपल्या प्राचीन शास्त्राने छाया ही कुंचल्याच्या अनेक लहान स्पर्शांची बेरीज मानली, एका ओल्या फटकाऱ्याचे फळ मानले नाही. घोटून गुळगुळीत केलेल्या भूमीवर ओला लेप ठरत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण असावे असे वाटते.

मांडवगडचे सचित्र ग्रंथ या पार्श्वभूमीवर पाहावेत. दिलावरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी माळव्यात स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि त्याचा मुलगा होशंगशहा याने राजधानी धारहून मांडवगडावर नेली. १४३९ मध्ये महमूद खिलजीच्या कारकिर्दीत येथे कल्पसूत्राची एक सचित्र पोथी लिहिली गेली. पोथीत या स्थळाचे नाव मंडपदुर्ग असे आहे, आणि ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला आणि मोती चंद्र यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम भारतीय जैन शैलीची सर्व लक्षणे तिच्यात आहेत : पाऊणमुखी चेहरा, पलीकडचा डोळा गालाबाहेर आलेला, सपाट लाल आणि निळे रंग, आणि या सर्वांना बांधून ठेवणारी काळी रेषा. लेप येथे आकृतीला गोलाई देत नाही. रेषा हीच रचना आहे. रंग तिच्या मधल्या जागा भरतो.

१४९० च्या सुमाराचा मिफ्ताह-उल-फुजला हा मांडवगडचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ. तो दुर्मीळ फारसी शब्दांचा कोश असून त्यात दीडशेहून अधिक छोटी चित्रे आहेत. कारागीर, अवजारे, प्राणी, भांडी अशी ती चित्रे शब्दाचा अर्थ दाखवण्यासाठी काढलेली आहेत. सचित्र कोश हा प्रकार आजही आपल्याकडे विरळच, हे पाहता त्या कोशकाराच्या दृष्टीचे कौतुक वाटते. एका शब्दाला एक आकृती, आणि तीही अशी की तिचे काम प्रथमदर्शनीच ओळखू यावे. अशा चित्रात रेषेचा नेमकेपणा सर्वांत मोलाचा ठरतो.

तिसरा आणि सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ निमतनामा. गियासशहा (कारकीर्द १४६९ ते १५००) आणि त्याचा मुलगा नासिरशहा यांच्या काळात सिद्ध झालेला हा पाककृती, सुगंध आणि औषधी योगांचा ग्रंथ. त्यात समोसे आहेत, खीर आहे, विडा आहे आणि पन्नास चित्रे आहेत. ग्रंथ पुढे टिपू सुलतानाच्या संग्रहात गेला आणि तेथून लंडनला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. रॉबर्ट स्केल्टन यांनी १९५९ मध्ये मुंबईच्या मार्ग त्रैमासिकात त्याचे महत्त्व प्रथम विशद केले. आरंभीच्या चित्रांवर इराणातील शिराझच्या तुर्कमान शैलीची छाप आहे : झुबकेदार गवत, फिकट भूमी, लहान आखीव चेहरे. पुढे पुढे स्त्रियांच्या आकृती भारतीय वळणाच्या होत जातात. प्रत्येक चित्रात मिशाळ सुलतान मध्यभागी आणि भोवती रांधणाऱ्या, वाटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रिया. या आकृती आकाराने लहान आहेत, आणि चेहऱ्यात डोळा, भुवई आणि जिवणी यांच्या मोजक्या रेषांवर सर्व भिस्त आहे. पातळ रंगाचा वापर बहुधा भूमी आणि वनस्पतीपुरता राहतो. देहावर रंग सपाट आहे. याच काळातील सादीच्या बुस्तानची मांडवगडची प्रत हाजी महमूद या चित्रकाराने रंगवली. ती राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

लघुचित्राच्या कार्यशाळेतील कामाचा क्रम पाहिला म्हणजे शाई आणि लेप यांची जागा कळते. कागदाचे अनेक ताव खळीने चिकटवून वसली तयार करतात आणि ती अकीकाच्या घोटणीने घोटतात. रेखाटन खाक्यावरून उतरवतात. खाका म्हणजे रेषांवर टोचलेला कागद, ज्यावरून कोळशाची पूड फिरवली की खाली ठिपक्यांची आकृती उमटते. ठिपके गेरूच्या किंवा फिक्या काळ्या शाईच्या पातळ रेषेने जोडतात. मग संपूर्ण चित्रावर पांढऱ्या रंगाचा एक विरळलेप देतात. हा लेप इतका पातळ की खालची रेषा पुसट दिसत राहावी. चित्रकार त्यावर रेषा पुन्हा, या वेळी सुधारून, काढतो. पुढे रंगांचे अपारदर्शक थर येतात : हिंगूळ, हरताळ, नीळ, राजावर्त, सफेदा. प्रत्येक थरानंतर चित्र पालथे घालून मागून घोटले जाते. सर्वांत शेवटी शाईची अंतिम रेषा येते आणि तीच आकृतीला उघडते. म्हणजे शाई दोनदा येते, आणि विरळलेप या दोन रेषांच्या मध्ये पडद्याचे काम करतो. त्याचा छायेशी संबंध नाही.

सतराव्या शतकातील माळवा शैलीने हा सपाटपणा सोडला नाही. १६३४ ची रसिकप्रिया, १६५२ मध्ये नसरतगड येथे रंगवलेले अमरुशतक आणि १६८० मध्ये माधोदास या चित्रकाराने काढलेली रागमाला ही तिची कालनिश्चित उदाहरणे. मध्ये काळा किंवा गडद निळा चौकोन, त्यावर लाल-पिवळ्या वस्त्रांतील आकृती, आणि कोठेही छाया नाही. त्याच काळात मोगल कार्यशाळांत छाया देण्याची कला परमोत्कर्षास पोहोचली होती, आणि तिचे दोन मार्ग होते. नीमकलम पद्धतीत शाईच्या रेखाटनावर फिक्या रंगाचे व सोन्याचे मोजके विरळलेप देत आणि उरलेला कागद उघडा ठेवत. पर्दाज पद्धतीत अत्यंत बारीक कुंचल्याने ठिपक्यांवर ठिपके घालून गालाची गोलाई साधत. ही थेट चित्रसूत्रातील बिन्दुज वर्तना होय. माळव्याच्या चित्रकाराने यांपैकी काहीच का स्वीकारले नाही? त्याला ते येत नव्हते, हे उत्तर पटत नाही. हातभर अंतरावरून, मंद प्रकाशात, पोथीचे पान ओळखू यावे यासाठी ठळक रेषा आणि अखंड रंग यांहून प्रभावी साधन नाही, आणि छायेने ते दुबळे झाले असते. प्रस्तुत लेखकाला माळव्याची ही निवड मोगल कौशल्याइतकीच डोळस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय चित्रात विरळलेपाला अचानक मध्यवर्ती स्थान मिळाले. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. अवनींद्रनाथ टागोरांनी त्यांच्या सहवासातून स्फूर्ती घेऊन चित्र रंगवून ते पाण्यात बुडवण्याची आणि पुन्हा रंगवण्याची पद्धत घडवली. १९०५ चे भारतमाता हे चित्र त्या धुक्यासारख्या परिणामाचे प्रसिद्ध उदाहरण. लघुआकृतींच्या रंगकामाशी या पद्धतीचा संबंध दुरूनच आहे.

आता खोलीचा विचार करू. आतापर्यंतचे आधार सपाट होते. शाईला खळगा मिळाला की तिचे वागणे पालटते. १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी पारिजातमंजरी या संस्कृत नाटकाचा शिलालेख उजेडात आणला. अशा लेखांचे वाचन ठशांवरून केले जाते. ओला कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकतात, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत उतरतो. मग शाईची गादी वरून हलकेच फिरवतात. उंच भाग काळा होतो आणि खाचा पांढऱ्या राहतात. देवासच्या मुद्रणालयात नेमके उलटे घडते.

देवास येथील बँक नोट मुद्रणालय १९७४ मध्ये सुरू झाले. नाशिकला नोटा १९२८ पासून छापल्या जात होत्या. वाढत्या गरजेसाठी देवासचा कारखाना उभारला गेला. आज दोन्ही मुद्रणालये २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाच्या अखत्यारीत आहेत. देवासच्या आवारात सुरक्षा-शाई तयार करणारा स्वतंत्र विभाग आहे. मोठ्या किमतीच्या नोटांवरील गांधीजींचे चित्र उत्कीर्ण मुद्रणाने छापतात. धातूच्या पत्र्यावर चित्राच्या रेषा कोरलेल्या असतात. संपूर्ण पत्र्याला शाई लावतात, पृष्ठभाग पुसून काढतात आणि शाई केवळ खाचांत उरते. मग कापसाच्या तंतूंचा कागद प्रचंड दाबाने त्यावर दाबला जातो आणि खाचांतील शाई उचलून घेतो. म्हणून ती रेषा बोटाला उंच लागते. या शाईचा दाटपणा विरळलेपाच्या अगदी विरुद्ध टोकाचा असतो, ती खाचेतून ओघळता कामा नये. परंतु तत्त्व एक : शाई सर्वत्र लावा, वरची काढून घ्या, खळग्यातली ठेवा. नोटेवरच्या त्या चेहऱ्याची छाया पाहावी. ती कमीअधिक खोलीच्या आणि जवळ-दूर कोरलेल्या रेषांची बनलेली आहे. पत्रज आणि आहैरिक वर्तना येथे पोलादाच्या टोकाने केलेल्या दिसतात.

घडीव लघुआकृतींचे रंगकाम याच तत्त्वावर चालते. महाराष्ट्रातील दिवाळीच्या किल्ल्यावर मांडले जाणारे मातीचे मावळे आपल्या परिचयाचे आहेत. ते सहसा सपाट रंगाने रंगवतात : पागोटे लाल, अंगरखा पांढरा, ढाल काळी. युरोपातील शिशाचे सैनिकही असेच रंगवत. इंग्लंडमधील ब्रिटन्स या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले. त्यांची ५४ मिलिमीटर उंची पुढे प्रमाण ठरली. खेळणे म्हणून सपाट रंग पुरेसा होता. आकृती संग्राह्य वस्तू झाली तेव्हा विरळलेप आवश्यक ठरला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या सिटाडेलसारख्या कारखान्यांनी सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या आकृतींचा प्रसार केला. ही मापे अनुक्रमे एकास बत्तीस आणि एकास साठ या प्रमाणांच्या जवळ जातात. अशा आकृतीत वस्त्राची घडी मिलिमीटरभरही खोल नसते, साच्यातून निघताना कडा गोलसर होतात, आणि खोलीतील विखुरलेल्या प्रकाशात खऱ्या सावल्या पुरेशा गडद पडत नाहीत. म्हणून सावली रंगवून द्यावी लागते.

कृती अशी. आकृतीवर प्रथम अस्तर, मग मुख्य रंग इच्छित छटेहून थोडा उजळ. तो पूर्ण वाळल्यावर त्याच रंगाचा गडद भाऊ निवडून, म्हणजे पिवळ्यावर तपकिरी, लालवर गडद किरमिजी, कातडीवर तांबूस तपकिरी, त्याचा विरळलेप सढळ हाताने फिरवावा. लेप उंच भागांवरून सरकतो आणि खळग्यांत साचतो. चेहऱ्यावर काळा विरळलेप टाळावा. माणूस काजळी माखल्यासारखा दिसतो. लेप ओला असतानाच नाक, गुडघे, खांदे यांवरचा जादा द्रव कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा. नोटेच्या पत्र्यावरील पुसणीचे हे हस्तरूप. सर्वत्र लेप न देता फक्त फटींत, पट्ट्याच्या कडेला, म्यानाच्या सीमेवर कुंचल्याच्या टोकाने शाई सोडणे याला रेघलेप म्हणता येईल. तो शाई आणि विरळलेप यांच्या मधला प्रकार आहे, आणि चिलखतासारख्या यांत्रिक पृष्ठभागावर सर्वांत उठून दिसतो.

लेप खळग्यात का जातो, आणि कधीकधी का जात नाही, याची कारणे पाण्याच्या पृष्ठताणात आहेत. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन इतका असतो. या ताणामुळे पाणी गुळगुळीत रंगावर थेंबाथेंबाने उभे राहते. म्हणून तयार विरळलेपांत पृष्ठताण कमी करणारे द्रव्य असते. घरी केलेल्या लेपात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब तेच काम करतो. अबरी कागद करणारे यासाठी बैलाचे पित्त वापरत. पृष्ठभागाचे स्वरूपही निर्णायक आहे. चकचकीत अस्तरावरून लेप घसरून फटींत जातो. खरखरीत, मॅट अस्तरावर तो सर्वत्र डाग धरतो. भाजलेली माती तर पाणी शोषून घेते. म्हणून मातीच्या मावळ्यावर विरळलेप द्यावयाचा असेल तर आधी त्याची भूक भागवणारा पातळ वॉर्निशचा किंवा फेव्हिकॉलच्या पाण्याचा थर द्यावा लागतो. ॲक्रिलिक रंग नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर त्याचा बंधक तुटतो आणि वाळल्यावर भुकटी सुटते. अर्धे पाणी आणि अर्धे पारदर्शक माध्यम घेणे हिताचे.

सपाट भागांवर लेप वाळताना कडेला गडद वलय उमटते. ढालीच्या पृष्ठावर, घोड्याच्या पुठ्ठ्यावर हा दोष हमखास दिसतो. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी याचे कारण दाखवून दिले. थेंबाची कड पृष्ठभागाला घट्ट चिकटलेली असते, तेथून बाष्पीभवन अधिक होते, ती तूट भरण्यासाठी द्रव मध्यभागाकडून कडेकडे वाहतो आणि कण सोबत नेतो. उपाय दोन : लेप साचूच न देणे, किंवा वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य मिसळणे. तैलरंगाचा विरळलेप टर्पेंटाइनमध्ये करतात. तो सावकाश वाळत असल्याने कडा तासाभरानेही पुसून मऊ करता येतात. अनेक जाणकार म्हणूनच तो पसंत करतात. मात्र त्याखालचा थर ॲक्रिलिक असावा, एनॅमल असेल तर टर्पेंटाइन तोही सोडवते.

विरळलेपानंतर मुख्य रंग गढूळ होतो. तो उंच भागांवर पुन्हा लावावा आणि कडांवर त्याहून उजळ रेघ द्यावी. शाईने रंगवलेल्या भागाला चकाकी येते, विशेषतः ॲक्रिलिक शाईने. शेवटचा मॅट वॉर्निश ती घालवतो. परंतु डोळे, ओठ आणि शस्त्राची धार यांवर चकाकी हवी असते, म्हणून तेथे चमकदार वॉर्निशचा ठिपका मॅट वॉर्निश पूर्ण वाळल्यानंतर द्यावा. रंजकशाईने रंगवलेली आकृती खिडकीसमोर मांडू नये. लाल प्रथम जातो.